अंडकोष आणि ओटीपोटातलं दुखणं : घाई कधी करायची, खर्च किती धरायचा

पुरुष आणि वयात येणारे मुलगे काही दुखणी शेवटपर्यंत लपवतात. जांघेतलं, ओटीपोटाच्या खालचं आणि अंडकोषाचं दुखणं त्यात पहिलं. लाज वाटते, घरात कोणाला सांगायचं ते कळत नाही, आणि डॉक्टरकडे गेलो तर खर्च किती होईल याची धास्ती असते. या दुखण्यांपैकी एकात सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अवयव वाचतो, नाही तर जातो. बाकीच्या बहुतेक दुखण्यांत क्रमाने तपासण्या केल्या तर दोन-चार हजारांत निदान होतं. प्रत्यक्षात मात्र उलटं घडतं. धावायच्या वेळी माणूस घरी थांबतो आणि सवड असते तेव्हा घाबरून नको त्या तपासण्या करून घेतो. अवयव आणि पैसा दोन्ही वाचवायचे असतील, तर आपलं दुखणं कोणत्या गटात बसतं ते आधी ओळखता यायला हवं.

हे मार्गदर्शन पुरुष आणि मुलग्यांपुरतं आहे. स्त्रियांच्या ओटीपोटातल्या दुखण्याची कारणं आणि तातडी वेगळी असते.

आधी घड्याळ बघा

सहा तासांचं ते दुखणं म्हणजे वृषणाला बसलेला पीळ. वृषणाला, म्हणजे अंडकोषाच्या पिशवीतल्या गोळीला, रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या एका रज्जूतून खाली येतात. काही मुलांमध्ये वृषण आतल्या आवरणाला नीट चिकटलेलं नसतं, त्यामुळे ते स्वतःभोवती फिरू शकतं. ते फिरलं की रज्जूला पीळ बसतो, रक्त थांबतं आणि वृषण मरायला लागतं. हे सर्वांत जास्त घडतं १२ ते १८ या वयात. पण नवजात बाळातही होतं आणि चाळिशीच्या माणसालाही होऊ शकतं. मार लागलेला असावा लागत नाही. अनेक मुलं रात्री झोपेतून दुखण्यानेच जागी होतात.

सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहांपैकी नऊ वेळा किंवा त्याहून जास्त वेळा वृषण वाचतं. बारा तास उलटले की शक्यता जवळपास निम्म्यावर येते. चोवीस तासांनंतर ते क्वचितच वाचतं आणि बहुतेकदा काढून टाकावं लागतं.

लक्षणं अशी : एका बाजूला एकदम सुरू झालेली जबर वेदना, मळमळ किंवा उलटी, त्या बाजूचं वृषण वर ओढल्यासारखं किंवा आडवं दिसणं, हात लावू न देणं. ताप बहुधा नसतो, लघवीला जळजळही नसते. कधी कधी पीळ आपोआप सुटतो आणि दुखणं अर्ध्या तासात थांबतं. असं एक-दोनदा झालं असेल तर ‘बरं झालं, गेलं’ म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या वेळी तो सुटेलच असं नाही. त्या आठवड्यातच सर्जनला दाखवा.

सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती दुखण्याच्या जागेने. वृषणाच्या नसा पोटातून येतात, म्हणून काही मुलांना पीळ बसल्यावर फक्त ओटीपोटातच दुखतं. मुलगा ‘पोटात दुखतंय’ म्हणतो, आई ओवा चावायला देते, पोटाला हिंग लावते, बाबा गॅसची गोळी देतात, आणि सकाळपर्यंत वेळ हातातून गेलेली असते. मुलाच्या पोटात अचानक जोरात दुखायला लागलं आणि उलटी झाली, तर घरातल्या मोठ्यांनी सरळ विचारावं : ‘खाली दुखतंय का? सूज आहे का? डॉक्टरांना दाखवावं लागेल, लाजू नकोस.’ डॉक्टरांनी नुसतं पोट दाबून बघितलं तर आपणच सांगावं, ‘खालीही तपासा.’

रात्र न काढता निघायचं ते कधी

- अंडकोषात एकदम जोराचं दुखणं, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलात, सूज असो वा नसो.
- चेंडू, लाथ किंवा सायकलच्या दांड्याचा मार लागून तासाभराने दुखणं कमी झालं नाही, किंवा सूज, निळसरपणा वाढत गेला.
- जांघेतली नेहमी आत जाणारी गाठ आत जाईना, कडक झाली, दुखू लागली, उलट्या होतायत, गॅस सरत नाही. हा अडकलेला हर्निया असतो. त्यात आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.
- बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकलं, भूक मेली, बारीक ताप आला, चालताना किंवा खोकताना कळ येते. हे अपेंडिक्स असण्याची दाट शक्यता आहे.
- कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ आणि त्यासोबत थंडी-ताप. मुतखड्याने लघवीची वाट अडून वर जंतुसंसर्ग झाला असेल तर एका रात्रीत माणूस गंभीर होतो.
- ओटीपोट फुगलंय, लघवीची जोरात भावना आहे, पण लघवी होत नाही.
- मधुमेह असलेल्या माणसाच्या अंडकोषाची किंवा आसपासची कातडी लाल-काळी पडतेय, दुर्गंधी येतेय, ताप आहे. हा संसर्ग तासागणिक पसरतो.

यांपैकी काहीही असेल तर निघताना रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. शेक देऊ नका, तेल लावून चोळू नका, कोणाकडून ‘नस बसवून’ घेऊ नका, आणि वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका. दुखणं कधी सुरू झालं ती वेळ कागदावर लिहून घ्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

जायचं कुठे

वृषणाचा पीळ सोडवण्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञच हवा असा अनेकांचा समज असतो आणि त्यासाठी लोक तालुक्याहून पुण्याची किंवा नागपूरची गाडी पकडतात. प्रवासातच तीन-चार तास जातात. ही शस्त्रक्रिया कोणताही जनरल सर्जन करू शकतो. त्यामुळे ऑपरेशन थिएटर चालू आहे, सर्जन आहे आणि भूलतज्ज्ञ आहे अशा सर्वांत जवळच्या रुग्णालयात जा. निघण्याआधी फोन करून एवढंच विचारा : ‘अंडकोषाचं अर्जंट ऑपरेशन लागू शकतं, आत्ता सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळतील का?’ उत्तर ‘सकाळी या’ असं आलं तर दुसरा नंबर लावा.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यात मोफत आहे. जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईचं केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल, छत्रपती संभाजीनगरचं घाटी, कोल्हापूरचं सीपीआर, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, अशी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जवळ असतील तर तिथे अपघात विभाग चोवीस तास चालू असतो.

आत गेल्यावर काय होतं हेही माहीत असावं. डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला बोटाने हलकं ओरखडतात. निरोगी मुलात त्या बाजूचं वृषण लगेच वर खेचलं जातं, पीळ बसला असेल तर बहुधा हलत नाही. लक्षणं स्पष्ट असतील तर अनुभवी सर्जन सोनोग्राफीची वाटही बघत नाही, मुलाला थेट थिएटरमध्ये घेतो. अंडकोषाच्या पिशवीवर छोटा छेद घेऊन वृषण बाहेर काढतात. ते निळं-काळं दिसत असतं. पीळ उलटा फिरवून सोडवतात, कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये ते गुंडाळून ठेवतात आणि काही मिनिटं थांबतात. रंग परतला, लालसर झालं, तर ते आतून टाके घालून जागेवर पक्कं करतात. दुसऱ्या बाजूचं वृषणही त्याच वेळी पक्कं करतात, कारण तिथेही रचना तशीच सैल असण्याची शक्यता असते. रंग परतलाच नाही, तर काढावं लागतं.

म्हणून संमतिपत्रावर ‘गरज पडल्यास वृषण काढणं’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून गर्भगळीत होऊ नका आणि सही करायला गावाहून काका येईपर्यंत थांबू नका. एक वृषण गेलं तरी दुसरं निरोगी असेल तर सहसा पुरुषपण आणि बाप होण्याची क्षमता टिकते, हे मुलालाही स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

सवडीने, पण टाळू नये अशी दुखणी

*जंतुसंसर्ग.* दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं, वृषणाच्या मागची नळी सुजते, ताप येतो, लघवीला जळजळ होते. तरुणांत हा संसर्ग बहुधा लैंगिक संबंधातून येतो, मोठ्या वयात लघवीतल्या जंतूंमुळे. उपचार म्हणजे साधारण १० ते १४ दिवस प्रतिजैविकं, आराम आणि आधाराला घट्ट लंगोट किंवा सपोर्टर. गोळ्या सुरू करण्याआधी लघवीचा कल्चरसाठी नमुना द्या, नाही तर पुढे औषध लागू पडलं नाही तर कारण शोधणं महाग पडतं. कारण लैंगिक असेल तर जोडीदाराचे उपचारही सोबत व्हायला हवेत. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशी तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. मात्र तरुण मुलात पीळ आणि संसर्ग यांतला फरक घरी ठरवू नये. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रतिजैविकं घेऊनही सूज आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली, तर क्षयाचा विचार करावा लागतो. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत असतात, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात.

*गालगुंड.* वयात आलेल्या मुलाला गालगुंड झाले तर साधारण आठवडाभरात वृषण सुजू शकतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मोफत मिळते, पण तिच्यात गालगुंडाची लस नाही. ती हवी असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे एमएमआर लस विकत घ्यावी लागते.

*मुतखडा.* खडा मूत्रनलिकेत उतरला की कळ कुशीतून निघून वृषणापर्यंत जाते. माणूस एका जागी बसू शकत नाही, लघवी लाल होते. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा औषधपाण्यावर आपोआप पडतात. १० मिलिमीटरच्या वरचे सहसा पडत नाहीत. म्हणजे लहान खडा, ताप नाही, लघवी होतेय, दुखणं गोळ्यांनी आटोक्यात आहे, अशा वेळी ‘उद्याच ऑपरेशन’ असं कोणी म्हणालं तर दुसरं मत घ्यायला वेळ असतो.

*हर्निया.* खोकताना, वजन उचलताना जांघेत फुगवटा येतो आणि आडवं पडल्यावर जातो. पट्टा बांधून तो बरा होत नाही. मोठ्या माणसाने शस्त्रक्रिया सवडीने, पण ठरवून करून घ्यावी. तान्ह्या बाळाच्या जांघेतला हर्निया मात्र लवकर दाखवावा. तो आपोआप जात नाही आणि अडकण्याचा धोका जास्त असतो.

*फुगलेल्या शिरा.* बहुधा डाव्या बाजूला, उभं राहून काम केल्यावर जड वाटतं, झोपल्यावर बरं वाटतं. शंभर पुरुषांत साधारण पंधरा जणांना हे असतं आणि बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. दुखणं खरंच त्रासदायक असेल, वृषण लहान होत असेल किंवा मूल होण्यात अडचण असेल तरच तिचा विचार होतो. शिरा फक्त उजव्या बाजूला फुगल्या असतील, किंवा झोपल्यावरही तशाच राहत असतील, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

*अंडवृद्धी.* पाणी भरून सूज येते, सहसा दुखत नाही. अंधारात टॉर्च लावली तर ती लालसर उजळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या भागात हत्तीरोग हे तिचं जुनं कारण आहे. हत्तीरोगाच्या कार्यक्रमातून ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. आशाताईंकडे नाव नोंदवा, आणि वर्षातून एकदा घरोघरी मिळणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या त्यांच्यासमोरच घ्या.

*न दुखणारी गाठ.* १५ ते ३५ या वयात वृषणाच्या अंगातच कडक, बिनदुखीची गाठ लागली तर पंधरवड्याच्या आत सोनोग्राफी झालीच पाहिजे. वृषणाचा कर्करोग लवकर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो. अशा गाठीत अंडकोषातून सुई घालून तुकडा घेत नाहीत. शस्त्रक्रिया जांघेतून होते. कोणी सुई घालायचं सुचवलं तर थांबा आणि कर्करोगतज्ज्ञाचं मत घ्या.

तपासण्यांचा क्रम आणि दर

खाली दिलेले आकडे महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या खासगी दवाखान्यांचे ढोबळ दर आहेत. तालुक्याच्या गावी ते खालच्या टोकाला असतात, मुंबई-पुण्याच्या कॉर्पोरेट रुग्णालयात वरचं टोकही ओलांडतात. आपल्या दवाखान्याचा त्या दिवसाचा दर विचारूनच पैसे भरा.

- सर्जन किंवा मूत्ररोगतज्ज्ञाची तपासणी : ५०० ते १,५०० रुपये. रात्रीची फी वेगळी.
- लघवीची साधी तपासणी : १०० ते ३०० रुपये.
- लघवीचं कल्चर : ५०० ते १,२०० रुपये. निकाल दोन-तीन दिवसांनी येतो.
- रक्तातल्या पेशींची तपासणी, म्हणजे सीबीसी : २०० ते ५०० रुपये.
- अंडकोषाची डॉपलर सोनोग्राफी : १,२०० ते ३,००० रुपये.
- पोटाची सोनोग्राफी : ८०० ते २,००० रुपये.
- मुतखड्यासाठी साधा सीटी स्कॅन : ३,५०० ते ७,००० रुपये.
- कर्करोगाच्या शंकेत रक्तातले तीन मार्कर : मिळून २,००० ते ४,००० रुपये.

क्रम असा ठेवा : आधी हाताने तपासणी, मग लघवी, मग एक सोनोग्राफी, आणि त्यातून उत्तर मिळालं नाही तरच सीटी. दुखणं अंडकोषात असेल तर डॉपलरच सांगा. साध्या सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसत नाही आणि मग दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. वृषणाच्या दुखण्यात एमआरआय क्वचितच लागतो. ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज या दुखण्यात काहीच सांगत नाही. रात्री गावात सोनोग्राफी करणारे डॉक्टर नसतील आणि पिळाची शंका असेल तर सोनोग्राफीसाठी थांबू नका, सर्जनकडे जा.

शस्त्रक्रियेचा खर्च

खासगी रुग्णालयात, साध्या खोलीत, गुंतागुंत नसेल तर ढोबळ हिशेब असा :

- पीळ सोडवून दोन्ही वृषणं पक्की करणं : ४० हजार ते १ लाख रुपये.
- दुर्बिणीतून अपेंडिक्स : ५० हजार ते सव्वा लाख रुपये.
- एका बाजूचा हर्निया, जाळी घालून : उघड्या पद्धतीने ४० ते ९० हजार, दुर्बिणीतून ८० हजार ते पावणेदोन लाख रुपये.
- मूत्रनलिकेतला खडा दुर्बीण-लेझरने : ४० हजार ते सव्वा लाख रुपये.
- अंडवृद्धी : २५ ते ६० हजार रुपये.

अंदाजपत्रक मागितलं की ‘पॅकेज साठ हजार’ एवढंच तोंडी उत्तर मिळतं. ते कागदावर घ्या आणि प्रत्येक ओळ वाचा. खोलीचं भाडं, थिएटरचं भाडं, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, मदतनीस डॉक्टरची फी, औषधं, थिएटरमधलं किरकोळ साहित्य, ऑपरेशननंतरच्या तपासण्या. यातलं साहित्य आणि औषधं हीच ओळ सगळ्यांत जास्त फुगते, म्हणून ‘यात धरलंय की वेगळं?’ हे विचारायलाच हवं. अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी आणि थिएटरचं भाडंही वाढतं. ऑपरेशन तेच, टेबल तेच, पण एकट्याच्या खोलीत राहिलात तर सगळ्या ओळी चढतात. दोघांच्या खोलीत राहिलात तर उपचारात काही कमी होत नाही.

हर्नियात जाळी कोणत्या कंपनीची आणि किती किमतीची, हे आधी ठरवा आणि तिचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. खड्याच्या ऑपरेशननंतर आत बहुतेकदा डीजे स्टेंट नावाची नळी ठेवतात. ती काही आठवड्यांनी काढावी लागते आणि त्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे का, हे विचारायचं अनेक जण विसरतात. त्याहून वाईट म्हणजे कळ थांबली म्हणून लोक नळी काढायलाच जात नाहीत. महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवर खडे चढतात आणि ती काढायला आधीपेक्षा मोठं ऑपरेशन लागतं. डिस्चार्जच्या कागदावर नळी काढायची तारीख लिहून घ्या.

पैसे कमी लागावेत म्हणून

*सरकारी रुग्णालय.* राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळीकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. तिथे थोडं शुल्क लागतं, पण खासगीच्या मानाने ते फारच कमी असतं.

*महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना.* आयुष्मान भारतसोबत चालणारी ही योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते, पैसे भरण्याआधी तिथे जा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सगळ्या शस्त्रक्रिया यादीत नसतात आणि काही साध्या शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून आपलं ऑपरेशन या रुग्णालयात बसतं का ते विचारा. आणि तातडीच्या रुग्णासाठी फोनवर मंजुरी घेऊन कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे, त्यामुळे कागदांसाठी पिळाचं ऑपरेशन अडवू देऊ नका. चौकशी : १५५३८८ किंवा १८००२३३२२००. आयुष्मानसाठी १४५५५.

*धर्मादाय रुग्णालयं.* ट्रस्टच्या अनेक मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांना सवलतीने द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तातडीच्या रुग्णाला या रुग्णालयांनी डिपॉझिटसाठी न अडवता दाखल करून घेणं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार देणं बंधनकारक आहे. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. अडचण आली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

*गोवा.* दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांचं संरक्षण आहे. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, ते आजच बघा.

*खासगी विमा.* हर्निया, अंडवृद्धी आणि मुतखडा यांना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. अपघाताने लागलेला मार त्याला अपवाद असतो. खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही महागडी खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक नव्हे, तर बिलातल्या इतर अनेक ओळीही त्याच प्रमाणात कापल्या जातात. विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. कामगार विमा योजनेचे (ईएसआय) सदस्य असाल तर तिच्या रुग्णालयातला हक्क आधी वापरा.

*दरफलक आणि कागद.* २०२१च्या नियमांनुसार राज्यातल्या खासगी रुग्णालयांनी १५ बाबींचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. तो फलक शोधा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि बिल त्याच्याशी ताडून बघा. आपल्या उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागितली तर ती ७२ तासांत मिळायला हवी. औषधांच्या चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा. प्रतिजैविकं आणि वेदनाशामकं तिथे बरीच स्वस्त मिळतात.

आणि डिपॉझिट भरल्याशिवाय कोणी हात लावायला तयार नसेल, तर एक गोष्ट ठामपणे सांगा. जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

पैसा वाया जातो तो इथे

खडा विरघळवण्याची हमी देणारी पुडी, अंडवृद्धी ‘बिना ऑपरेशन’ घालवणारं इंजेक्शन, रस्त्याकडेच्या तंबूतले गुप्तरोगतज्ज्ञ, आणि फोनवरून गोड बोलून कोणत्यातरी रुग्णालयात तारीख पक्की करून देणाऱ्या जाहिराती. यांत पैसा जातोच, पण त्याहून मोठं नुकसान वेळेचं होतं. मेडिकलवाल्याकडून स्वतःच प्रतिजैविकं आणून तीन दिवस खाणं हेही त्यातलंच. दुखणं अर्धवट दबतं, कल्चरमध्ये काही सापडत नाही, आणि महिनाभराने तेच दुखणं दुप्पट खर्च घेऊन परत येतं.

मुलांशी आधी बोला

वरचे सगळे आकडे कामाला येतील ते मुलगा वेळेवर बोलला तरच. तो सातवी-आठवीत गेला की घरातल्या एका मोठ्या माणसाने, बाबा, मामा, मोठा भाऊ, कोणीही, त्याला दोन वाक्यांत सांगून ठेवावं : ‘खाली कधी एकदम दुखलं तर रात्री कितीही वाजता उठवायचं. कोणी रागावणार नाही, कोणी हसणार नाही.’ वसतिगृहात आणि आश्रमशाळेत हेच काम अधीक्षकांनी करावं, कारण तिथे मुलाला उठवायला जवळचं कोणी नसतं. शाळेच्या आरोग्य तपासणीत एरवी दात आणि डोळे बघितले जातात. त्याच दिवशी डॉक्टरांनी मुलग्यांना पाच मिनिटं एवढंच समजावलं तरी दरवर्षी काही मुलांचं वृषण वाचेल.

फोनमध्ये आज जतन करून ठेवायच्या गोष्टी

१. जवळच्या दोन रुग्णालयांचे नंबर, जिथे रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळतात. ते मिळतात का, हे आज दिवसा फोन करून विचारा.
२. १०८ आणि १५५३८८.
३. रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड किंवा विम्याचं कार्ड यांचे फोटो.
४. एक ओळ : ‘अंडकोषात अचानक दुखलं तर सहा तास. खायचं-प्यायचं नाही, शेक नाही, थेट सर्जन.’

ही यादी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये असू द्या. दवाखान्यात जाऊन ‘काही नाही, साधी सूज आहे’ असं ऐकून परत आलात तर फार तर दोन-तीन हजार रुपये जातील. ते पैसे वाया गेले असं कधीच समजू नका.